उलटे आटे

पाथर्डी फाट्यावरची आमची सोसायटी. नाव: द्राक्षवेली.
वेली तोडूनच बांधली, म्हणून असेल.
तीन विंग, चौऱ्याऐंशी फ्लॅट,
एकोणीस थकबाकीदार, त्यातले दोन माझे मित्र.

नऊ वर्षं मी सेक्रेटरी होतो.
त्याआधी एकतीस वर्षं नाशिक रोडला, प्रेसमध्ये,
नोटा मोजायचो, ज्या माझ्या नव्हत्या.
तरी सर्वसाधारण सभेत, पार्किंगमधल्या मंडपाखाली,
कोणीतरी मागून म्हणालंच,
"रंगकामात दुसाने काकांचे किती?"
चहा गार होईपर्यंत कोणी बोललं नाही.
कोठावदेंनी फक्त बिस्किटांचा पुडा
माझ्याकडे सरकवला.

पुढच्या सभेत ठराव आला: मॅनेजमेंट कंपनी नेमावी.
सूचक मी.
हे लोक विसरलेत.

कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला.
"सर, तुम्ही फक्त मालक व्हा," म्हणाला,
"बाकीचं आमच्यावर सोडा."
गेटवर निळे शर्ट आले, मोबाइलमध्ये अ‍ॅप,
लिफ्टमध्ये आरसा, आरशाखाली कंपनीचा नंबर.
खोटं कशाला बोलू, जिने स्वच्छ झाले.
घंटागाडी चुकेना.
बी विंगच्या ओलीसाठी रात्री अकराला
माझी बेल वाजेनाशी झाली.
पहिला महिना मी झोपलो.
दुसऱ्या महिन्यात अकराला जागा होऊन
बेलकडे बघत बसलो.

तक्रारीला आता नंबर असतो.
क्रमांक चारशे सतरा बंद करण्यात आली आहे, धन्यवाद.
ओल चालू, तक्रार बंद.

दोन वर्षांनी टेंडर फिरलं.
निळी कंपनी गेली, करडी आली.
शर्ट बदलला, शर्टात तोच हिरामण भोये,
सुरगाण्याकडचा, पंप बघणारा.
कागदावर त्याची नोकरी कालपासूनची.
मेंटेनन्स स्क्वेअर फुटामागे चाळीस पैशांनी वाढला.
त्यातला एक पैसाही भोयेकडे वळला नाही.
मोजायची सवय, काय करणार.

एप्रिलात शनिवारी महापालिकेचं पाणी बंद होतं,
रविवारी पहाटे एकदम जोरात आलं.
टाकी भरली, व्हॉल्व्ह बंद होईना.
हेल्पलाइन म्हणत राहिली, आपला कॉल मोलाचा आहे.
गच्चीवरून पाणी जिन्याने उतरलं,
पायऱ्या मोजत, चपला गोळा करत,
थेट कोठावदेंच्या स्कूटरपर्यंत.
एकही दार उघडलं नाही.
सगळ्यांनी तक्रार नोंदवली होती.

पावणेपाचला माझी बेल वाजली.
भोये, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
"काका, तो फिरंना."
"उलटे आटे आहेत त्याला," मी म्हणालो.
"उघडायला फिरवतोस तसा फिरव."

हे कुठल्याच फायलीत नव्हतं.
ताबा देतानाच्या बावीस पानांत
लिफ्टचा परवाना होता, जनरेटरची वॉरंटी होती,
कुंड्यासुद्धा मोजलेल्या, एकतीस.
व्हॉल्व्ह नव्हता.
ती पानं मीच लिहिली होती.
विसरलो नव्हतो.

गच्चीवर दोघांनी मिळून फिरवला.
पाण्याचा आवाज थांबला तेव्हा कळलं
तो किती मोठा होता.
पांडवलेण्याच्या डोंगराला उजेड लागत होता.
भोये ओल्या हाताने कपाळ पुसत म्हणाला,
"सांगायचं ना, काका."
मी काय सांगणार.

खाली येऊन माझी वही काढली, लाल कापडी पाठीची,
त्याच्यापुढे ठेवली.
त्याने खिशातलं पेन काढलं, निळ्या कंपनीचं.
कंपनी गेली होती, पेन चालत होतं.
"पाणी" या सदराखाली सावकाश लिहिलं: उलटे आटे.
खाली स्वतःचा मोबाइल नंबर,
आणि नंबरापुढे, जागा नव्हती तरी दाटीवाटीने:
कंपनी बदलली तरी हाच.